पिठाचा कोंबडा

रे रोड स्थानकातून बाहेर पडून दारूखान्याच्या दिशेने चालू लागले, की समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात ओल्या लाकडाचा वास मिसळतो. १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड रे यांचे नाव या भागाला मिळाले आणि १९१० साली हार्बर मार्गाची गाडी येथवर आली. पण येथे पोट भरणाऱ्यांच्या लेखी रे रोड म्हणजे लाकडाच्या वखारी, करवतीचा अखंड आवाज आणि पलीकडे मोडीत निघालेल्या जहाजांचे लोखंड. अशाच एका वखारीत आप्पांनी एकेचाळीस वर्षे हिशेब लिहिला. सांगली जिल्ह्यातून अठराव्या वर्षी मुंबईस आलेला हा श्रावक रात्रिभोजन न करणारा, गाळलेल्या पाण्याचा आग्रह धरणारा आणि घनफुटाचा हिशेब तोंडी करणारा म्हणून वखारीत प्रसिद्ध होता. निवृत्तीनंतरही ते घोडपदेवच्या दोन खोल्यांतच राहिले. मुलगा, सून आणि एकुलता नातू हे त्यांचे कुटुंब. पत्नी सहा वर्षांपूर्वी गेली.

प्रसंग दशलक्षण पर्वातला, आणि तोही पहिल्याच, उत्तम क्षमेच्या दिवसाचा. आप्पा सायंकाळचे सामायिक आटोपून उठले, तो आतल्या खोलीतून नातवाचा आवाज आला, “मार, मागून मार त्याला! सोडू नकोस!” आप्पा दारात जाऊन उभे राहिले. नातवाच्या हातात मोबाईल, कानांत यंत्र, आणि पडद्यावर बंदुकीच्या टोकाशी पळणारी माणसे. एक माणूस कोसळला तसा मुलाच्या चेहऱ्यावर हर्ष उमटला. आप्पांना जे खटकले ते पडद्यावरचे चित्र नव्हे. तो हर्ष खटकला.

“आज कोणता दिवस आहे, ठाऊक आहे ना?” त्यांनी विचारले.

“खेळ आहे हो आजोबा. खरं कुणी मरत नाही. नुसती चित्रं आहेत.”

यावर दुसऱ्या एखाद्या आजोबांनी मोबाईल काढून घेतला असता. आप्पा पलंगावर बसले आणि त्यांनी यशोधर राजाची कथा सांगितली. सोमदेवसूरींनी इसवी सन ९५९ मध्ये, राष्ट्रकूटांच्या काळात, ‘यशस्तिलक’ या संस्कृत चंपूत ती विस्ताराने सांगितली आहे, आणि त्यांच्या आधी व नंतरही अनेक जैन कवींनी ती आपापल्या भाषेत गायिली. उज्जयिनीच्या यशोधर राजाला अरिष्ट टाळण्यासाठी पशुबळी देण्याचा आग्रह त्याची माता चंद्रमती करते. राजा जीवहत्येला तयार होत नाही. अखेर मातेच्या शब्दाखातर तडजोड निघते. पिठाचा कोंबडा करावा आणि तो देवीपुढे कापावा. कोंबड्यात जीव नाही, रक्त नाही. कणकेचा गोळा तो. राजा तलवार चालवतो. त्या एका घावाचे फळ म्हणून माता आणि पुत्र मोर, कुत्रा अशा एकामागून एक तिर्यंच योनींत भटकतात, एकमेकांच्या हातून मरतात, आणि शेवटी कोंबडा-कोंबडीच्या जन्माला येऊन मगच त्यांना वाट सापडते.

“पीठ मेलं नाही,” आप्पा म्हणाले, “पण मारण्याचा भाव खरा होता. चित्र खोटं असेल, तुझा भाव खोटा नव्हता.”

मुलगा गप्प झाला. विषय संपला असे आप्पांना वाटले. दोन दिवसांनी, आर्जवाच्या दिवशी, तो पुन्हा त्यांच्यापुढे येऊन बसला.

“आजोबा, पिठाचा कोंबडा मारल्याचं पाप लागतं, तर पिठाचा कोंबडा वाचवल्याचं पुण्य लागतं का?”

आप्पांकडे या प्रश्नाचे उत्तर नव्हते. आयुष्यभर कथा ऐकली, सांगितली. ही बाजू कधी मनात आली नव्हती. पडद्यावरची कृती निव्वळ पोरखेळ मानली, तर तिला दोषही लागत नाही. मग कथा रद्द करावी लागेल. आणि दोष लागतो असे म्हटले, तर तिच्यात माणसाचे अंतःकरण हलविण्याचे सामर्थ्य आहे हे मान्य करावे लागते. ते सामर्थ्य फक्त एकाच दिशेने चालते असे कोणत्या न्यायाने म्हणायचे? नातवाने आजोबांचाच दाखला उचलून आजोबांपुढे ठेवला होता.

हा वाद केवळ घोडपदेवच्या दोन खोल्यांतला नाही. व्हिडिओ गेमला कला म्हणावे की नाही, यावर जगात गेली काही दशके गंभीरपणे लिहिले-बोलले जात आहे. अमेरिकेतील विख्यात चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २०१० साली ठामपणे लिहिले की व्हिडिओ गेम कधीही कला होऊ शकत नाहीत. त्यांचा एक मुद्दा असा की खेळाला नियम, गुण आणि उद्दिष्ट असते, खेळ जिंकता येतो. कादंबरी किंवा नृत्य कोणी जिंकत नाही, ते अनुभवायचे असते. त्यांच्यावर वाचकांचा एवढा भडिमार झाला की काही महिन्यांतच त्यांनी कबूल केले, जे आपण अनुभवले नाही त्यावर मत द्यायला नको होते. मत मात्र त्यांनी बदलले नाही, आणि हा प्रांजळपणाही नोंद घेण्याजोगा आहे. त्यानंतर २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट या संग्रहालयाने ‘पॅक-मॅन’, ‘टेट्रिस’ यांसह चौदा खेळ आपल्या संग्रहात घेतले. त्याआधी, २०११ साली, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पुस्तके, नाटके आणि चित्रपट यांच्याप्रमाणेच हे खेळही विचार पोहोचवितात, म्हणून त्यांनाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे असा निर्णय दिला होता. तो खटला लहान मुलांना हिंसक खेळ विकण्यावरील बंदीविषयीचा होता, आणि ती बंदी न्यायालयाने रद्द केली. कला ठरल्याने वस्तू निर्दोष ठरत नाही, ती फक्त कायद्याच्या कक्षेबाहेर जाते, हे या निकालातून दिसते. निर्दोषतेचा प्रश्न मग घरात सोडवावा लागतो.

आपल्याकडे तरी नव्या माध्यमाला दारात कोण लगेच घेते? रे रोडपासून फार दूर नसलेल्या दादरमध्ये दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ तयार केला आणि ३ मे १९१३ रोजी तो गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांपुढे आणला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री पुढे येईना. अण्णा साळुंके यांना लुगडे नेसून उभे राहावे लागले. आज त्याच चित्रपटाचे नाव शाळेच्या पुस्तकात आहे.

पण आप्पांच्या घरी प्रश्न तात्त्विक राहिला नाही. बारावीचा निकाल लागला आणि नातवाने सांगितले की त्याला वाणिज्य शाखेत जायचे नाही. खेळांची रचना शिकविणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेत प्रवेश घ्यायचा आहे. चार वर्षांचा अभ्यासक्रम, फी भरमसाट. मुलाच्या वडिलांनी स्वतः शिकवणीच्या पैशाअभावी सी.ए. अर्धवट सोडले होते. आपले अपुरे राहिलेले मुलाने पुरे करावे ही त्यांची इच्छा होती. “खेळ ही काय विद्या आहे? उद्या पत्ते पिसायला शिकवणारं कॉलेज निघालं तर तिथंही जाशील?” ते कडाडले. सूनबाई मुलाच्या बाजूने होत्या, पण गप्प. आणि फीचा मार्ग एकच होता. नातवाच्या जन्मानंतर आप्पांनी त्याच्या नावे ठेवलेली, पुन्हा पुन्हा नूतनीकरण करून आता पाच लाखांवर गेलेली मुदत ठेव. नातू सज्ञान झाला होता. सही त्याची पुरली असती. पण त्या घरात आप्पांच्या होकाराशिवाय ती पावती कपाटातून निघणार नव्हती. त्यामुळे निर्णयाचा भार आप्पांवर येऊन पडला.

आप्पांनी आठ दिवस मागून घेतले आणि सवयीप्रमाणे ग्रंथांकडे वळले. मंदिराच्या स्वाध्याय-कपाटात त्यांना जे सापडले त्याने त्यांना आधी चकित केले आणि मग पेचात टाकले. भगवान ऋषभदेवांनी कर्मभूमीच्या आरंभी लोकांना असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही षट्कर्मे शिकविली, ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंक दिले, हे आदिपुराणातले त्यांना पाठ होते. श्वेतांबर आगमांत, ज्ञाताधर्मकथेत, राजपुत्रांना शिकविण्याच्या बहात्तर कलांची यादी येते. ती त्यांनी प्रथमच सावकाश वाचली. लेखन, गणित, चित्र, नृत्य, गायन, वाद्य; आणि त्यानंतर थोड्याच अंतरावर द्यूत, फासे, अष्टापद. सोंगट्यांचा आणि पटावरचा खेळ सरळ कलांच्या पंक्तीत बसविलेला! आणि तेच द्यूत श्रावकाने वर्ज्य करावयाच्या सप्तव्यसनांतही पहिले. एकच वस्तू कलाही आणि व्यसनही.

आप्पांच्या जागी एखादा पंडित असता तर त्याने हे दोन संदर्भ दोन निराळ्या काळांचे, निराळ्या उद्देशांचे म्हणून सोडून दिले असते. आप्पा हिशेबनीस. दोन खात्यांत एकच रक्कम दिसली की मधली नोंद शोधायची, हा त्यांचा स्वभाव. ती मधली नोंद त्यांना पैशात सापडली. युधिष्ठिराला फासे टाकता येत नव्हते म्हणून तो बुडाला नाही. पणाला लावत गेला म्हणून बुडाला. गेल्याच वर्षी, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा जो कायदा केला, त्यातही हाच विवेक आहे. पैसे लावून पैसे मिळविण्याचे ऑनलाइन खेळ त्याने बंद ठरविले. ई-स्पोर्ट्स आणि नुसत्या करमणुकीच्या खेळांना मात्र वेगळे काढून मोकळीक दिली. ज्यांनी बँकेच्या काउंटरवर तरुण मुलांची रिकामी होत जाणारी बचत खाती पाहिली आहेत, दहा-वीस-पन्नास रुपयांच्या शंभर नोंदी एका रात्रीत पडलेल्या पाहिल्या आहेत, त्यांना या कायद्याचे मोल सांगायला नको. खेदाची गोष्ट एवढीच, की पैसा न लावताही माणसाला खिळवून ठेवण्याची युक्ती अनेक खेळांत योजलेली असते. पुढची पेटी उघडा, पुढचे बक्षीस घ्या, उद्या पुन्हा या. तेथे रक्कम नसते, पण आयुष्य खर्ची पडते, आणि त्याचे पासबुक कोणी छापून देत नाही.

आठवा दिवस येण्यापूर्वी एका रविवारी नातू म्हणाला, “आजोबा, तुम्ही एकदा खेळून बघा. मग नाही म्हणा.” ईबर्ट यांची चूक आप्पांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण न पाहता निकाल देणे त्यांनाही रुचेना.

मुलाने लॅपटॉपवर लावला तो ‘जर्नी’ नावाचा खेळ २०१२ साली लॉस एंजेलिसच्या दॅटगेमकंपनीने काढलेला. दोनेक तासांत संपणारा. झगा पांघरलेली एक आकृती वाळवंटात उभी असते. दूरवर एक पर्वत, त्याच्या शिखरातून प्रकाश फाकलेला. कोठे जायचे ते कोणी सांगत नाही. एक अक्षरही पडद्यावर बोलत नाही. चालायचे. आकृतीच्या गळ्यात एक वस्त्रपट्टी असते, तिच्यात तेज असेपर्यंत थोडे उडता येते. यंत्राच्या मूठीवर आप्पांचा अंगठा सुरुवातीला अडखळला. आकृती गोल गोल फिरू लागली तेव्हा सूनबाईंना हसू आवरेना. मग जमले.

अर्ध्या वाटेवर तशीच दुसरी आकृती दिसली.

“हा कोण?”

“कुणीतरी खराच माणूस आहे आजोबा. जगात कुठंतरी बसून आत्ता हाच खेळ खेळतोय. त्याचं नाव कळत नाही. बोलताही येत नाही. हे बटण दाबलं की फक्त एक नाद निघतो.”

आप्पांनी बटण दाबले. किणकिण झाली. समोरच्याने तशीच किणकिण दिली. दोन्ही आकृती जवळ आल्या तशा दोघांच्याही वस्त्रपट्ट्या तेजाने भरल्या. येथे नातवाने सांगितलेली एक हकिगत आप्पांना विशेष वाटली. खेळ घडत असताना त्याच्या कर्त्यांनी आरंभी दोन प्रवाशांना एकमेकांना ढकलता येईल अशी सोय ठेवली होती, हेतू हा की अडलेल्याला हात देता यावा. प्रत्यक्षात लोक एकमेकांना खड्ड्यात ढकलू लागले. चांगली म्हणवणारी, शहाणी माणसेसुद्धा. तेव्हा कर्त्यांनी उपदेश लिहिला नाही, नियम बदलला. ढकलणे अशक्य केले आणि जवळ येण्याने दोघांनाही बळ मिळेल असे केले. तीच माणसे मग एकमेकांसाठी थांबू लागली.

आप्पांनी मूठ खाली ठेवली. “म्हणजे परिणाम फिरले,” ते म्हणाले. परिणाम हा शब्द जैन घरात ज्या अर्थाने वापरतात, त्याच अर्थाने. आत्म्याचे भाव.

कादंबरी वाचणारा, नाटक पाहणारा माणूस दुसऱ्याच्या कृतीचा साक्षी असतो. आपल्या आचार्यांनी कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार केले आहेत. प्रेक्षकाच्या वाट्याला येते ते फार तर अनुमोदन. खेळात मात्र माणूस स्वतः करतो. तलवार तोच उचलतो, हातही तोच देतो. म्हणूनच हे माध्यम इतर कलांहून निराळे आहे आणि अधिक जोखमीचेही. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादापासून सुरू होते, मृत्यूपासून नव्हे. ती व्याख्या जणू याच काळासाठी केली असावी असे कोणालाही वाटेल. ईबर्ट यांचा आक्षेप, की जिंकता येते ते कला नव्हे, तोही या दृष्टीने तपासावा. ‘जिन’ म्हणजे जिंकणारा. कोणाला जिंकणारा, यावरच तर सारे धर्मशास्त्र उभे आहे.

खेळाच्या शेवटच्या टप्प्यात हिमवर्षाव सुरू होतो. वारा मागे लोटतो, वस्त्रपट्टी झिजून आखूड होते, नादही क्षीण होतो. दोन्ही आकृती एकमेकींना खेटून, पावलागणिक चालू लागल्या. एका ठिकाणी सोबती दिसेनासा झाला. आप्पा थांबले. बटण दाबत राहिले.

१९९६ साली आप्पा पत्नीसह सम्मेदशिखरजीला गेले होते. तेव्हा तो भाग बिहारात होता. मधुबनातून रात्री दोन वाजता निघायचे, चढ-उताराची पूर्ण सत्तावीस किलोमीटरची वंदना, वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी. त्या पहाटे धुके एवढे होते की हातातली बॅटरी पुढच्या पायरीपर्यंतही पोहोचेना. पत्नी मागे पडली. हाक मारली तर दम लागायचा, म्हणून ती काठीने दगडावर टकटक करी, आणि आप्पाही काठी आपटून उत्तर देत. वाटेत भेटणारे यात्रेकरू कोणत्या गावचे, कोणत्या पंथाचे, काही ठाऊक नसे. जयजिनेंद्र म्हणून पुढे जात. एका अनोळखी गृहस्थाने पत्नीला गौतम गणधरांच्या टोकापर्यंत हात देऊन आणले होते आणि नाव न सांगता तो धुक्यात निघून गेला होता.

“आजोबा, तो येईल. थांबा जरा,” नातू हळूच म्हणाला.

क्षीण किणकिण ऐकू आली. आकृती पुन्हा बाजूला आली. दोघे शिखरापर्यंत गेले. खेळ संपल्यावर काळ्या पडद्यावर वाटेत भेटलेल्या सोबत्याचे टोपणनाव उमटले. परक्या लिपीतले, वाचता न येणारे. सूनबाई कधी हसायच्या थांबल्या होत्या, ते कोणाच्याच लक्षात आले नाही. मुलाचे वडील वर्तमानपत्र घेऊन बसले होते, पण अर्ध्या तासात त्यांनी पान उलटले नव्हते.

या खेळाच्या संगीताला ग्रॅमी पुरस्कारासाठी नामांकन मिळाले होते, व्हिडिओ गेमच्या संपूर्ण पार्श्वसंगीताला मिळालेले ते पहिलेच, हे नातवाने अभिमानाने सांगितले. पुण्यातही असे काम होते, हेही सांगितले. नॉडिंग हेड्स गेम्स या तेथील छोट्या गटाने ‘राजी’ नावाचा खेळ केला. त्यासाठी लोकवर्गणी मागितली तेव्हा ती पुरी झाली नाही, तरी नेटाने काम करून त्यांनी २०२० साली तो जगापुढे आणला. राजस्थानी गड, भिंतीवरची चित्रे, सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेली कथा आणि हरवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी मुलगी. आप्पांनी त्यातील काही दृश्ये पाहिली. चित्रे त्यांना फार आवडली. मुलगी भाला घेऊन असुरांवर तुटून पडली तेव्हा त्यांनी मान फिरवली. तेही कलाच आहे, पण मी पाहणार नाही, एवढेच ते म्हणाले.

त्या रात्री त्यांना झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी ते सकाळीच वखारीकडे गेले. मालकांची तिसरी पिढी आता गादीवर आहे. ओंडके उतरत होते. सागाच्या एका जाड बुंध्यावर करवत फिरत होती आणि भुश्श्याचा ढीग वाढत होता. एकेचाळीस वर्षे त्यांनी हे पाहिले, मोजले, वहीत उतरविले. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत वनकर्म येते, हे त्यांना तरुणपणीच कळले होते. तेव्हा घर चालवायचे होते. आपण झाड तोडत नाही, फक्त हिशेब लिहितो, अशी समजूत त्यांनी करून घेतली होती. कारित आणि अनुमोदित हे शब्द तेव्हाही त्यांना पाठ होते. नातवाच्या नावची ठेव त्याच हिशेबाच्या पगारातून साठलेली. ज्याला खऱ्या वृक्षांच्या पैशावर वाढविले, त्याला चित्रातल्या वृक्षांचा धंदा करू नकोस असे सांगायला ते निघाले होते.

घरी येऊन त्यांनी कपाट उघडले. पावती काढली. मुलाला म्हणजे नातवाच्या वडिलांना समोर बसविले आणि हिशेबनीसाच्या पद्धतीने मांडणी केली. ठेवीची मुदत कार्तिकात संपते, फी आषाढात भरायची. मुदतपूर्व मोडली तर कमी दराने व्याज मिळेल, वर दंड. म्हणून ठेव मोडायची नाही. तिच्यावर कर्ज घ्यायचे. चार-पाच महिन्यांचे जादा व्याज मी देईन. पहिल्या वर्षाचे भागते. दुसऱ्या वर्षाचे तेव्हा पाहू, आणि मुलाने मन लावले नाही तर वाणिज्य शाखा कोठे पळून जात नाही. वडील बराच वेळ पावतीकडे पाहत राहिले. “मला विचारलं असतंत तेव्हा, तर मीही चित्रकलेला गेलो असतो,” ते म्हणाले आणि उठून गेले. हे वाक्य आप्पांनी अपेक्षिले नव्हते. त्याचे उत्तर त्यांनी अद्याप दिलेले नाही.

नातवाला त्यांनी एकच अट घातली. पैसा लावून पैसा जिंकायच्या खेळाला हात लावायचा नाही, नोकरी गेली तरी. बंदुकीच्या खेळांविषयी ते काही बोलले नाहीत. मुलानेच विचारले. “त्याचं काय?”

“त्याचा हिशेब तू ठेव. यशोधराची गोष्ट तुला ठाऊक आहे.”

मुलाने आजोबांसाठी एक चित्र शोधून आणले. एकोणिसाव्या शतकातील कापडावर रंगविलेली ज्ञानबाजी. जैन परंपरेत हा पट बहुधा चौऱ्याऐंशी घरांचा असे, पर्युषणात तो खेळला जाई. कवड्या टाकीत, शुभ भावांच्या घरांतून शिड्यांनी चढत, कषायांच्या सर्पांनी गिळले की घसरत, सिद्धशिलेपर्यंत पोहोचायचे. मराठी मुलखात त्याचा भाऊबंद म्हणजे मोक्षपट, जो परंपरा ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच खेळ इंग्लंडात गेला आणि हळूहळू त्यातले पाप-पुण्य गळून सापशिडी उरली. आप्पांना तो पट लहानपणी आजोळी पाहिल्यासारखा वाटला, खात्री नव्हती.

मुलाला तो खेळ संगणकावर करायचा आहे. पण पहिल्याच दिवशी वाद झाला. मुलाचे म्हणणे, या जुन्या खेळात खेळणारा काहीच करीत नाही. कवड्या पडतील तसे जायचे. क्रोध करायचा की नाही, हे ठरवता कुठे येते? मग त्यात पुरुषार्थ कसला? आप्पा म्हणाले, कवड्या म्हणजे पूर्वकर्माचा उदय. तो आपल्या हाती नसतोच. मुलगा म्हणाला, उदय हाती नसेल, पण त्या घरात पडल्यावर समता ठेवायची की नाही हे तर हाती आहे ना? मग सर्पाच्या तोंडाशी आल्यावर खेळणाऱ्याला एक संधी द्यायला हवी. आप्पा म्हणाले, संधी दिली तर सगळेच वाचतील, मग सर्प कशाला? मुलगा म्हणाला, नाही वाचणार. त्या ‘जर्नी’त लोकांनी एकमेकांना ढकललंच ना.

वखारीच्या जुन्या खतावणीची कोरी पाने आप्पांकडे अजून आहेत. त्यांपैकी एक पान त्यांनी जमिनीवर पसरले, पट्टी घेतली आणि चौऱ्याऐंशी घरे आखायला घेतली. सूनबाईंनी सूर्यास्तापूर्वी जेवून घ्या म्हणून दोनदा हाक मारली. मानाच्या घरातला सर्प किती लांब असावा, यावर दोघांचे एकमत होत नव्हते.